सव्वा तास म्हणजे रग्गड

मी चौतीस वर्षं दादरला गाडी बदलली. डोंबिवलीहून सकाळची जलद पकडायची, दारात लोंबकळत दादर गाठायचं, गर्दी उतरवेल तिथे उतरायचं, पूल चढायचा, पूल उतरायचा आणि अंधेरीकडे जाणारी धीमी गाठायची. या सगळ्याला मला चार मिनिटं लागत. पावसाळ्यात पाच. निरोप समारंभात साहेब माझ्या कामाबद्दल फारसं काही बोलले नाहीत, पण "एकही लेटमार्क नाही" हे मात्र दोनदा म्हणाले.

त्यामुळे लेकीने शिकागोहून फोनवर विचारलं, "बाबा, फ्रँकफर्टला विमान बदलायला सव्वाच तास आहे, जमेल ना?" तेव्हा मला हसूच आलं. सव्वा तासात मी दादरला अठरा वेळा गाडी बदलली असती, वर एक वडापाव खाल्ला असता.

"सव्वा तास म्हणजे रग्गड," मी म्हणालो.

या वाक्याचा आमच्या घरात पुढे फार उपयोग झाला. अजूनही होतो. दूध उतू गेलं, गॅस संपला, रिक्षावाला नाही म्हणाला, की ही शांतपणे म्हणते, "रग्गड."

खरं तर दुसरं तिकीटही होतं. त्याच भावाचं. त्यात फ्रँकफर्टला साडेचार तास होते. पण साडेचार तास विमानतळावर बसायचं म्हणजे दोघांचे दोन दोन चहा आणि एकेक सँडविच, तेही युरोत. मी मनातल्या मनात नव्वदने गुणलं आणि सव्वा तासावर शिक्कामोर्तब केलं. एजंटने त्यावरही विचारलं, "काका, व्हीलचेअर सांगून ठेवू का? फुकट असते. ते लोक तुम्हाला दारापासून दारापर्यंत नेतात." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो लगेच संगणकात डोकं घालून बसला. दादरच्या पुलावर ज्याने चौतीस वर्षं स्वतःची जागा स्वतः केली, त्याला खुर्चीत बसवून ढकलणार?

ही हळूच म्हणाली, "माझ्यासाठी सांगा."

"तुला काय झालंय?"

"काही नाही. म्हणून तर आत्ता सांगतेय."

सांगितली नाही.

मुंबईच्या विमानतळावर पोचलो तर व्हीलचेअरींची रांग आमच्या रांगेपेक्षा लांब. अमेरिकेत लेकीसुनांच्या बाळंतपणाला निघालेला अर्धा महाराष्ट्र आणि पाऊण गुजरात खुर्चीत बसून होता. त्यात एक सांगलीच्या काकू होत्या. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी वाकून स्वतःची बॅग वजनकाट्यावर ठेवली, वजन जास्त भरल्यावर उतरवली, उघडली, त्यातली पापडाची पिशवी काढली आणि पुन्हा ठेवली. चोवीस किलोची बॅग. मी जरा खोचकपणे विचारलं, "गुडघ्यांचा त्रास का?"

"छे हो," काकू म्हणाल्या, "गुडघं ठणठणीत हायत. इंग्रजी दुखतंय."

विमानात वेळेवर बसलो. पट्टे बांधले. हवाई सुंदरीने हातवारे करून दाखवले. आणि मग विमान नुसतंच उभं राहिलं. पंधरा मिनिटांनी वैमानिकाचा आवाज आला. सामान देऊन बोर्डिंग पास घेतलेला एक प्रवासी विमानात आलेलाच नाही, तेव्हा त्याची बॅग शोधून खाली उतरवावी लागेल.

सगळ्या विमानाने त्या अज्ञात माणसाचा उद्धार केला. मी जरा जास्तच. "बसला असेल दारूच्या दुकानात अत्तरं हुंगत," असं मी मोठ्याने म्हणालो, आणि पुढच्या रांगेतून हशाही मिळवला. नियम मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जून १९८५मध्ये एअर इंडियाचं 'कनिष्क' अटलांटिकवर पडलं, ३२९ माणसं गेली, आणि ज्या बॅगेत बॉम्ब होता त्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. माणूस नाही तर त्याची बॅगही नाही, हा दंडक त्यानंतर कडक झाला. ठाऊक असूनही मी हसवलं, कारण रात्रीचे पावणेतीन वाजले होते आणि माणूस पावणेतीनला फारसा थोर नसतो.

चाळीस मिनिटं उशिरा निघालो.

आता इथे माझ्या घड्याळाचं सांगायला हवं. माझं घड्याळ मी परदेशात जाऊनही बदलत नाही. भारतातली वेळ भारतात, बाकीचा हिशोब डोक्यात, हे माझं धोरण. जर्मनी आपल्या साडेचार तास मागे, हे मी जानेवारीत जावईबापूंकडून पक्कं करून घेतलं होतं. आणि जानेवारीत ते अगदी बरोबर होतं. पण युरोपातले लोक मार्चच्या शेवटच्या रविवारी आपली घड्याळं तासभर पुढे करतात, आणि आम्ही निघालो होतो एप्रिलात. अमेरिकेतले लोक हेच मार्चच्या दुसऱ्या रविवारी करतात. आपण कधीच करत नाही. आपल्याकडे घड्याळ जागच्या जागी असतं, माणसं पुढेमागे होतात.

थोडक्यात, जर्मनी साडेतीन तास मागे होती. मी साडेचार वजा करत होतो.

विमान फ्रँकफर्टला थांबलं तेव्हा माझ्या घड्याळात अकरा पंचावन्न झाले होते. मी वजाबाकी केली. सात पंचवीस. वेळापत्रकात उतरायची वेळ होती सात पंचावन्न.

"अर्धा तास आधी आलो," मी हिला म्हणालो.

"चाळीस मिनिटं उशिरा निघून?"

"मागून वारा असेल."

वास्तविक त्या उंचीवरचा जोरकस वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. युरोपात जाताना तो तोंडावर येतो, म्हणून तर जायला येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हे मी शाळेत शिकलो होतो. पण आपल्या बाजूचा आकडा हाती आला की भूगोल कोण आठवतं? हवाई सुंदरीने स्थानिक वेळ सांगितलीही होती म्हणे. तेव्हा मी वरच्या कप्प्यातून लाडवांचा डबा काढत होतो.

पट्ट्याचा दिवा विझला आणि सगळं विमान एका दमात उभं राहिलं. दार उघडायला अजून अवकाश असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी सगळे उभे राहतात. वर कप्पा असल्याने मान वाकडी, एक पाय बोळात, एक पाय सीटखाली, हातात बॅग आणि नजर पुढच्याच्या टाळूवर. दहा मिनिटं या आसनात काढतात. मी मात्र निवांत बसून राहिलो, कारण माझ्याकडे पावणेदोन तास होते.

"जाऊ दे त्यांना," मी म्हणालो. "काय घाई आहे?"

आणि सगळं विमान आमच्यापुढून गेलं. त्यात पुण्याचा एक मुलगा होता, आयटीतला, आमच्याच पुढच्या विमानाने शिकागोला निघालेला. जाता जाता म्हणाला, "काका, चला ना, वेळ कमी आहे." मी त्याच्याकडे वडीलधारं हसलो.

विमान टर्मिनलला चिकटलेलं नव्हतं. जिना होता, जिन्याखाली बस होती. बस एवढी फिरली, एवढी वळली, की मला वाटलं हा आम्हाला परस्पर स्वारगेटला सोडतो की काय. शेवटी टर्मिनल १ आलं. आत शिरल्यावर मी सावकाश प्रसाधनगृहात गेलो. तोंड धुतलं. केस विंचरले. बाहेर आलो तर ही भिंतीवरच्या फलकाखाली उभी होती आणि तिचा चेहरा मी यापूर्वी एकदाच तसा पाहिला होता, लेकीच्या लग्नात आचारी आला नव्हता तेव्हा.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"सात पंचेचाळीस."

"वर बघा."

वर आठ पंचेचाळीस होते.

"यांचं घड्याळ पुढे आहे," मी म्हणालो. जर्मनीत उभा राहून म्हणालो. ज्या देशाने जगाला वेळ पाळायला शिकवली त्या देशाच्या विमानतळावर, डोंबिवलीच्या घड्याळाच्या भरवशावर.

त्याच फलकावर शिकागो होतं. वेळ नऊ दहा. गेट झेडचं. आणि पुढे काहीतरी लुकलुकत होतं. लुकलुकणारं अक्षर कुठल्याही भाषेत असो, त्याचा अर्थ एकच असतो.

मग आम्ही धावलो.

इथे एक आकडा सांगतो, कारण तो मला फार उशिरा कळला. प्रत्येक मोठ्या विमानतळासाठी विमान बदलायला लागणारा किमान वेळ ठरलेला असतो. तिकीट विकणारं यंत्र त्याहून कमी वेळाचं जोडतिकीट विकतच नाही. व्हिएन्नाला तो पंचवीस मिनिटं आहे. फ्रँकफर्टला पंचेचाळीस. वैमानिकाने वाटेत दहा मिनिटं भरून काढली होती, म्हणजे विमान थांबलं तेव्हा आमच्या हातात पंचेचाळीसच मिनिटं होती, ना एक कमी ना एक जास्त. नियमानुसार आम्हाला जमायलाच हवं होतं. पण हा आकडा ज्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून काढलाय तो एकटा आहे. त्याचे गुडघे जर्मन बनावटीचे आहेत, त्याला पाट्या वाचता येतात, तो केस विंचरत नाही, आणि त्याच्या पिशवीत डिंकाचे अठ्ठेचाळीस लाडू नाहीत.

लाडू हातातल्या पिशवीत का, तर हिचं म्हणणं, "मोठ्या बॅगा हरवल्या तर हरवल्या, बाळंतिणीचं खाणं हरवता कामा नये." भारतातून आलेल्या माणसाला फ्रँकफर्टला पुढच्या विमानासाठी पुन्हा तपासणीतून जावं लागतं. मुंबईला झालेली तपासणी ते जमेस धरत नाहीत. पाण्याची बाटली तिथेच गेली. २००६च्या ऑगस्टात लंडनला पेयांच्या बाटल्यांतून स्फोटकं विमानात न्यायचा कट उघडकीला आला, तेव्हापासून जगभरच्या बहुतेक विमानतळांवर प्रवासी शंभर मिलिलिटरच्या बाटल्यांत जगताहेत. बाटलीचं काही वाटलं नाही. पट्ट्यावरून लाडवांचा डबा आत गेला आणि पट्टा थांबला.

पडद्यावर मी पाहिलं. खरंच भयंकर दिसत होतं. चार थरांत रचलेले, एकसारखे, गोल, घट्ट गोळे. मी स्वतः अधिकारी असतो तर इमारत रिकामी केली असती.

सहा फुटांच्या एका अधिकाऱ्याने डबा उचलून बाजूला नेला आणि बोट दाखवून विचारलं, "वास इस्ट दास?"

ही माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाली, "बघा, झाकण उघडायच्या आधी वास गेला त्याला!" आणि त्याला मराठीतच समजावू लागली, "डिंक आहे हो, साजूक तुपात फुलवलेला. खारीक, खोबरं, आणि जायफळ किंचित."

मी मध्ये पडलो. डिंकाला इंग्रजीत गम म्हणतात एवढं मला येत होतं.

"गम," मी म्हणालो.

"च्युइंग गम?"

"नो, नो. ईटिंग गम. फॉर डिलिव्हरी."

त्याच्या भुवया वर गेल्या. "डिलिव्हरी? टु हूम?"

"टु माय डॉटर."

"यू आर डिलिव्हरिंग अ पॅकेज?"

आता मी घामाघूम. बाळंतपणाला दुसरा इंग्रजी शब्द त्या क्षणी कुठला आठवायला? मी पोटावरून हात फिरवून दाखवला. मग ही पुढे झाली आणि तिने दोन हातांचा पाळणा करून हलवला. त्या माणसाचा चेहरा एकदम निवळला. मुलं त्यांनाही होत असणार. तरी कर्तव्य म्हणून त्याने कापडाची एक पट्टी डब्यावरून, झाकणावरून आणि सगळ्यात वरच्या लाडवावरून पुसली आणि ती पट्टी यंत्रात घातली. स्फोटकाचा कण असला तर यंत्राला कळतो. तूप त्याला कळलं नाही. हिरवा दिवा लागला.

एवढं झाल्यावर त्याला तसंच जाऊ देणं हिला बरं वाटेना. एक लाडू उचलून पुढे केला. "घ्या हो, थोडा तरी."

"नाइन," तो ठामपणे म्हणाला. जर्मनीत नाहीला नाइन म्हणतात.

ही चपापली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "नऊ मागतोय! दोन देऊ का?"

मी डबा उचलला आणि तिला ओढलं. हे सगळं चालू असताना शेजारच्या मोकळ्या रांगेतून सांगलीच्या काकू खुर्चीत बसून झरझर पुढे गेल्या. विमानातून सगळ्यात शेवटी उतरवलेल्या. जाता जाता त्यांनी डबा पाहिला, अधिकारी पाहिला, माझा चेहरा पाहिला आणि हात हलवला.

आठ छप्पन्न.

गेट झेडचं होतं. या टर्मिनलमध्ये अक्षरं ए, बी, सी आणि मग एकदम झेड अशी आहेत. मधली गेली कुठे म्हणाल, तर डी आणि ई पलीकडच्या टर्मिनलमध्ये, बाकीची बाराखडीत पुढेमागे असतील. आम्ही बीमध्ये होतो. झेड म्हणजे एच्या डोक्यावरचा मजला. खाली एमधून शेंगेन देशांतली विमानं सुटतात, वर झेडमधून त्याबाहेरची. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक खेडं. १९८५ साली तिथे करार झाला आणि एकमेकांच्या सीमेवर पासपोर्ट तपासायचा नाही असं ठरलं. गाव एवढंसं, पण त्याच्यापायी एका विमानतळाला दोन मजले करावे लागले आणि मला जिना चढावा लागला.

बीमधून झेडकडे जायला जमिनीखालून लांबलचक बोगदा आहे. त्यात सरकते पट्टे. सरकत्या पट्ट्यावर उजवीकडे उभं राहायचं आणि डावीकडून चालायचं, हा तिथला अलिखित कायदा. मी दादरच्या सवयीने मधून घुसलो. दादरला मधून घुसलं की लोक शिव्या देतात पण सरकतात. इथे शिव्या कुणी दिल्या नाहीत. नुसतं पाहिलं. मला शिव्या परवडल्या असत्या.

बोगद्यातच पुण्याचा मुलगा भेटला. आश्चर्य म्हणजे तो चालत होता. धावत नव्हता.

"अरे, विमान चुकेल!" मी म्हणालो.

"चुकू दे ना काका," तो म्हणाला. "युरोपियन कंपनी आहे, एकच तिकीट आहे. साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा लांबचा प्रवास, मुक्कामाला चार तासांहून जास्त उशीर झाला आणि चूक कंपनीची असली, तर माणशी सहाशे युरो. २००४चा नियम, क्रमांक २६१. शिवाय हॉटेल, जेवण वेगळं."

मी पळता पळता गुणाकार केला. दोघांचे बाराशे युरो. म्हणजे लाखाच्या वर. वर हॉटेल. वर जेवण. माझे पाय आपोआप मंदावले. खोटं कशाला सांगू, त्या बोगद्यात साधारण वीस पावलं मी मुद्दाम हळू चाललो.

"काय झालं?" ही मागून ओरडली.

"काही नाही. दम लागला."

तिने त्या मुलाचं बोलणं ऐकलेलं होतं. "पोरीचं पोट सातव्या महिन्याच्या पुढे गेलंय आणि तुम्ही सहाशे युरोला थांबताय?" असं ती म्हणाली, म्हणजे सगळ्या बोगद्याला ऐकू जाईल असं म्हणाली, आणि लाडवांचा डबा माझ्या हातातून घेऊन माझ्या पुढे धावू लागली. तिला धावताना मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षं जिला मी "चल गं लवकर" म्हणत आलो, तिचं अंतर माझ्यापासून दहा फूट झालं, मग वीस.

लिफ्टपाशी पिवळ्या दिव्याची बॅटरीवरची गाडी पीं पीं करत आली. तिच्यात चार व्हीलचेअरवाले बसलेले, पुढच्या सीटवर सांगलीच्या काकू, जत्रेला निघाल्यासारख्या.

"या की, बसा की!" काकू म्हणाल्या. जागाही होती. ही चढायला गेली तर चालकाने हात आडवा केला. हातातल्या यादीवर बोट ठेवलं. यादीत नाव नाही.

हिने माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही. नवऱ्याकडे बघून काही न बोलणं ही एक स्वतंत्र भाषा आहे आणि ती मला जर्मनपेक्षा बरी येते.

वरच्या मजल्यावर पोचलो तेव्हा कसलीशी घोषणा चालू होती. कुणा दोन प्रवाशांना शेवटची हाक होती. आमच्या आडनावात एक 'क्ष' आहे आणि एक 'ळ' आहे. पासपोर्टवरच त्यांचे हाल झालेले. त्यातून ते जर्मन घशातून निघालं. मी हिला म्हणालो, "बघ, आपल्यासारखेच कुणीतरी बावळट आहेत." तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा कुठे आडनावाच्या शेवटाला थोडी ओळख पटली.

नऊ दोनला गेटावर. दार बंद व्हायच्या बेतात होतं, पण बंद झालेलं नव्हतं, कारण दाराच्या मधोमध एक व्हीलचेअर उभी होती. काकू आत जायला तयार नव्हत्या. ढकलणारा त्यांना आत ढकलू पाहत होता आणि काकूंनी चाकाचा ब्रेक लावलेला. गेटवरच्या बाईंसमोर दोन बोटं नाचवत त्या म्हणत होत्या, "टू पीपल. लाडू. कमिंग."

बाईंनी आमच्याकडे पाहिलं, हिच्या छातीशी धरलेल्या डब्याकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "लाडू?"

"यस," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या अभिमानाने मी कधी लाडू झालो नव्हतो.

तरी अमेरिकेचं विमान म्हणून दोन प्रश्न होतेच. बॅग कोणी भरली? मी म्हणालो, मी आणि बायकोने. दुसऱ्या कुणी तुमच्याजवळ काही दिलंय का? मी म्हणालो, नो.

"अहो, नो काय?" ही मागून म्हणाली. "समोरच्या वहिनींची भाजणी आहे ना त्यांच्या मुलासाठी!"

मराठी घरातून अमेरिकेला निघालेल्या बॅगेत स्वतःचं सामान निम्मं असतं, उरलेली निम्मी जागा सोसायटीची. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं, पीठ आहे, शेजारणीने दिलंय.

"तुम्ही त्यांना किती वर्षं ओळखता?"

"एकतीस."

"तुमचा त्यांच्यावर विश्वास आहे?"

मी थबकलो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून त्या घराशी आमचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. पण विमान सुटायला सात मिनिटं होती.

"पूर्ण," मी म्हणालो.

विमानात शिरलो तर पुण्याचा मुलगा खिडकीजवळच्या आपल्या जागेवर, पट्टा बांधून, कानाला हेडफोन लावून बसलेला. नियम क्रमांक २६१ सांगून झाल्यावर तो आमच्या पुढे कधी पळाला ते कळलंच नाही. मला पाहून त्याने एक कान मोकळा केला. "नाहीतरी चूक कंपनीची धरली नसती, काका," तो म्हणाला. "पंचेचाळीस मिनिटं होती ना."

बसलो. शर्ट पाठीला चिकटलेला. हिने लाडवांचा डबा मांडीवर घेतला आणि झाकण बसलंय ना ते पाहिलं. आम्ही पट्टे बांधले. हवाई सुंदरीने हातवारे केले. आणि मग विमान नुसतंच उभं राहिलं.

दहा मिनिटांनी वैमानिकाचा आवाज आला. दुसऱ्या विमानातून येणारे दोन प्रवासी वेळेत पोचले नाहीत. त्यांच्या बॅगा शोधून खाली उतरवायला वेळ लागेल, क्षमस्व.

माझ्या शेजारचा अमेरिकन गृहस्थ घड्याळ पाहून वैतागला. काही लोकांना वेळेची अक्कलच नसते, अशा अर्थाचं काहीतरी त्याने मला उद्देशून म्हटलं आणि दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिलं.

"असतील बिचारे," मी म्हणालो. "कुठेतरी तासाचा फरक पडला असेल."

पस्तीस मिनिटांनी विमान हललं. तेवढ्या वेळात मी दादरला आठ वेळा गाडी बदलली असती, हे मी हिला सांगणार होतो, पण तिला झोप लागली होती.

परतीचं तिकीट सप्टेंबरचं होतं. फ्रँकफर्टला साडेचार तास होते. हिने शिकागोहूनच एजंटला फोन करून व्हीलचेअर सांगून ठेवली. एकच, आणि ती माझ्या नावावर.